नौपाड्यातली मिस

(गच्ची. खडूची रेष. सँडल्सचे क्लोजअप.)

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीची गच्ची. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत खडूनं रेष मारलेली. दर रविवारी सकाळी इथं मुली उंच टाचांवर चालतात. पाऊल रेषेवर, खांदे सैल, नजर समोर. खाली बघितलं की परत टाकीपासून सुरुवात.

शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या 'ताई' म्हणतात. वीसेक वर्षांपूर्वी एका सौंदर्यस्पर्धेत त्या पहिल्या आल्या होत्या. निवेदनात नाव नको, म्हणाल्या. चेहरा दिसतोय तेवढा पुरे.

(ठाणे-वाशी लोकल. दुपारचा डबा.)

2000 साली लारा दत्ता मिस युनिव्हर्स झाली आणि प्रियांका चोप्रा मिस वर्ल्ड. ताई तेव्हा दहावीत. कॉलेजात गेल्यावर त्यांनी सौंदर्यस्पर्धांच्या तयारीचा वाशीचा एक क्लास लावला. 2004 च्या नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि बसचे हेलपाटे संपले. दुपारी डबा रिकामा असायचा, मग एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सराव. हलत्या गाडीत तोल सांभाळला की स्टेजची कसली भीती, असं त्या आजही म्हणतात.

(जांभळी नाका. कापडाची दुकानं.)

गाऊनचं कापड जांभळी नाक्यावरचं, शिलाई गल्लीतल्या टेलरची. घेर मोजताना टेलरमास्तरांनी त्यांना सँडल्स घालून स्टुलावर उभं केलं होतं, कारण अनवाणी माप घेतलं तर स्टेजवर गाऊन तोकडा पडतो. ब्रँडेड कपड्यांशिवाय या क्षेत्रात निभाव लागत नाही, असं सांगणाऱ्यांसाठी: 1994 ला सुश्मिता सेन ज्या गाऊनमध्ये मिस इंडिया झाली, त्याचं कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं होतं आणि हातमोजे पायमोज्यांचे बनवलेले.

(मुकुट. हात. पिना.)

हा तोच मुकुट. दोन खडे पडलेत. डोक्यावर तो नुसता ठेवला तर पहिल्याच गिरकीत घसरतो. आधी केस उलटे विंचरून खाली गादी करायची. मग मुकुटाच्या टोकांच्या कड्यांतून पिना घालायच्या, एक उजवीकडून, एक डावीकडून, फुलीसारख्या. ताईंचे हात बघा. हे काम त्या न बघता करतात, आणि स्पर्धांच्या दिवशी बॅकस्टेजला याच कामासाठी त्यांना बोलावणं असतं.

जिंकल्यावर काही मालिकांत छोटी कामं मिळाली, एका जाहिरातीचे पैसे बुडाले, घरात बोलणी झाली, मग नोकरी आणि लग्न.

(भिंतीवरचं कृष्णधवल छायाचित्र.)

क्लासची चौकशी करायला आईवडील येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: शिक्षणाचं काय? ताई भिंतीकडे बोट दाखवतात. रीटा फारिया. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी, 1966 मध्ये लंडनला मिस वर्ल्ड झालेली पहिली आशियाई स्त्री. वर्षभर तो मान मिरवला, मग मॉडेलिंग आणि सिनेमाला नकार देऊन पुन्हा वैद्यकीच्या अभ्यासाला लागल्या, डॉक्टर झाल्या. बहुतेक वडील इथं गप्प होतात. आया फीचं विचारतात.

(गच्ची. गोल करून बसलेल्या मुली.)

या बॅचमध्ये नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याहून येणारी एक दोन मुलांची आई आहे. मिस युनिव्हर्सनं 2023 पासून विवाहितांना आणि आयांना प्रवेश दिला, 2024 पासून वयाची वरची अटही काढली. ती म्हणते, आता नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

शेवटचा अर्धा तास प्रश्नोत्तरांचा. इथं एक नियम आहे: उत्तरात मदर तेरेसा चालणार नाहीत. 2000 च्या अंतिम फेरीत हयात असलेली सर्वांत यशस्वी स्त्री कोण, या प्रश्नाला प्रियांका चोप्रानं तेच नाव घेतलं होतं. मदर तेरेसांचं निधन 1997 मध्येच झालं होतं. मुकुट तरी मिळाला, पण ताईंच्या मते तो उत्तरावर नाही, आवाज न थरथरल्यावर मिळाला.

त्यामुळे विषय घरचे. आज ठाण्यातल्या घोडबंदर रोडची वाहतूककोंडी, तीस सेकंदांत, हसतमुखानं. वेळ सगळ्यांनाच कमी पडला. हसतमुख फक्त कोपरखैरणेवाली राहिली. तिला त्या रस्त्यानं जावं लागत नाही.