पॉल स्कोफिल्ड: आवाजाचा धनी

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या इंग्रज नटाविषयी बोलणार आहे, त्यांची ओळख रेडिओवरूनच करून द्यावी असं मला फार दिवस वाटत होतं. त्यांचं निम्मं सामर्थ्य आवाजात होतं. पॉल स्कोफिल्ड त्यांचं नाव. ऑलिव्हिए, गिलगुड ही नावं आपल्याकडच्या नाटकवेड्यांच्या तोंडी असतात, स्कोफिल्ड यांचं नाव मात्र क्वचितच निघतं. त्यांनी चित्रपट मोजकेच केले, मुलाखती टाळल्या आणि प्रयोग संपला की ते सरळ घर गाठत. घर ससेक्समधल्या बालकम या गावात, लंडनपासून आगगाडीच्या अंतरावर. पत्नी जॉय पार्कर, त्याही अभिनेत्री. दोघांचं लग्न १९४३ सालचं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

जन्म २१ जानेवारी १९२२ चा, बर्मिंगहॅमचा. वडील ससेक्समधल्या एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक, म्हणून बालपण तिथेच गेलं. शाळेच्या नाटकात ज्युलिएटची भूमिका वाट्याला आली आणि तिथेच शेक्सपिअरची गोडी लागली. महायुद्धात सैन्यात जायची वेळ आली, पण पायाची बोटं एकमेकांवर चढलेली असल्यामुळे लष्करी बूट घालता येईनात. मग नाटकमंडळींबरोबर ते सैनिकांसमोर प्रयोग करत फिरले. १९४५ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी थिएटरमध्ये पीटर ब्रूक नावाचा एक विशीचा दिग्दर्शक भेटला. ही जोडी पुढे वर्षानुवर्षं एकत्र काम करत राहिली. १९५५ मध्ये दोघं 'हॅम्लेट' घेऊन मॉस्कोला गेले. रशियन क्रांतीनंतर तिथे गेलेली ती पहिली इंग्रजी नाटकमंडळी.

पण खरं सांगायचं ते शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'च्या १९६२ मधल्या प्रयोगाबद्दल, ब्रूक यांनीच बसवलेल्या. तेव्हा स्कोफिल्ड अवघे चाळीस वर्षांचे होते. लिअर म्हटलं की पांढऱ्या दाढीचा, लेकींना राज्य वाटून देऊन त्यांच्याकडूनच छळला गेलेला, पहिल्या अंकापासून कीव येईल असा म्हातारा राजा डोळ्यांपुढे येतो. ब्रूक आणि स्कोफिल्ड यांनी ही कीवच काढून टाकली. रंगमंच जवळजवळ मोकळा, अंगावर झिजलेले चामड्याचे कपडे, आणि वादळासाठी वर टांगलेले गंजके पत्रे. स्कोफिल्ड यांचा राजा ताठ, रांगडा, हुकूम सोडायची सवय झालेला. थोरल्या लेकीच्या घरी हा बाबा संतापून जेवणाचं टेबल उलटं करतो, त्याचे सरदार घरभर धुडगूस घालतात, आणि प्रेक्षकाला क्षणभर वाटतं, त्या लेकीची तक्रार खोटी नाही! एवढी बाजू उलटी मांडल्यावर पुढे त्याच माणसाचं मोडून पडणं बघायचं. दया आयती मिळत नाही, ती नटाला कमवावी लागते. स्कोफिल्ड यांनी ती कमवली, आणि माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम. पुढे हे नाटक पूर्व युरोपात फिरलं. इंग्रजी फारसं न कळणाऱ्या तिथल्या प्रेक्षकांसमोर, बुडापेस्ट ते मॉस्को या प्रवासात, प्रयोग चढत गेला असं ब्रूक यांनीच लिहून ठेवलं आहे. २००४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या कलावंतांचा कौल घेतला, तेव्हा शेक्सपिअरच्या नाटकांतली सर्वश्रेष्ठ भूमिका म्हणून त्यांनी याच लिअरची निवड केली.

चित्रपट पाहणाऱ्यांना स्कोफिल्ड आठवतात ते सर टॉमस मोर, म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे मंत्री, म्हणून. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हे रॉबर्ट बोल्ट यांचं नाटक. लंडनला १९६० मध्ये, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, आणि १९६६ मध्ये फ्रेड झिनेमान यांच्या चित्रपटात, तिन्हीकडे मोर तेच. राजा आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या धर्मपीठाचा प्रमुख मानायची शपथ हा माणूस घेत नाही, आणि का घेत नाही हेही सांगत नाही. नटाला याहून अवघड काय असेल? न बोलणं दाखवायचं! मोरवरचा खटला जरूर बघा. तोवर स्कोफिल्ड सगळं आत दाबून ठेवतात. शिक्षा ठरली हे कळल्यावरच तोंड उघडतात, आणि तेही आरडाओरडा न करता. ऑस्कर मिळालं, तेव्हा ते घ्यायला ते गेलेच नाहीत. चित्रपटात त्यांच्या पत्नीचं काम केलेल्या वेंडी हिलर यांनी ते स्वीकारलं. सर हा किताबही त्यांनी नाकारला. नुसतं मिस्टर राहण्यात वाईट काय, असा त्यांचा प्रश्न होता.

१९७९ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये 'अमेडियस' या नाटकातला, मोझार्टचा मत्सर करणारा संगीतकार सालिएरी पहिल्यांदा रंगवला तो त्यांनीच. नाटक ब्रॉडवेला निघालं तेव्हा मात्र भूमिका इयन मॅकेलन यांच्याकडे गेली. पुढच्या चित्रपटांमधलं 'क्विझ शो'तलं वडिलांचं छोटं काम चुकवू नका.

आता आवाजाकडे येतो. हा आवाज गुळगुळीत नव्हता. खर्जात खरखरीत, वर जाताना मध्येच चिरल्यासारखा, आणि वाक्याच्या अनपेक्षित जागी थांबणारा. बीबीसी रेडिओसाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्याबरोबरचा 'मॅकबेथ' केवळ ऐकण्यासाठी होता. आणि २००२ मध्ये, त्यांच्या ऐंशीव्या वर्षी, नॅक्सॉस कंपनीने 'किंग लिअर'चं ध्वनिमुद्रण काढलं. चाळिशीत म्हाताऱ्याची भूमिका करणारा नट आता खरोखर लिअरच्या वयाचा झाला होता. १९६२ मध्ये त्यांच्यासमोर विदूषक झालेले ॲलेक मॅकॉवन या वेळी लिअरचा सरदार ग्लॉस्टर झाले, आणि विदूषक केनेथ ब्रॅना.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९ मार्च २००८ रोजी, रक्ताच्या कर्करोगाने स्कोफिल्ड गेले. ते ध्वनिमुद्रण आजही मिळतं. शेक्सपिअरचं इंग्रजी जड वाटत असेल तर आधी गोष्ट वाचून घ्या, आणि मग रात्री निवांतपणे वादळाचा प्रवेश लावा.