ब्रायटनची रात्र आणि त्यानंतरची दोन वर्षे

श्रोतेहो, नमस्कार.

‘हम किसीसे कम नहीं’ या १९७७ सालच्या चित्रपटातले ‘मिल गया हमको साथी’ हे गाणे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. इथे इंदुरात रामबागेतल्या एखाद्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऐकले नसेल, तर राजवाड्यावरून जाणाऱ्या वरातीच्या बँडवर तरी नक्कीच ऐकले असेल. राहुलदेव बर्मन यांनी ज्या गाण्यावर ही चाल बेतली, ते ‘मामा मिया’ हे गाणे स्वीडनमधल्या ‘ॲबा’ नावाच्या संचाने १९७५ साली ध्वनिमुद्रित केले होते. उचललेल्या चालींना नाक मुरडणारे पुष्कळ असतात; माझे मत असे, की उचलायचीच असेल तर पंचमसारख्याने उचलावी, म्हणजे मूळ मालकालाही ऐकावीशी वाटेल. ते असो. ज्या देशाची लोकसंख्या त्या काळी ऐंशी लाखांच्या आसपास होती आणि ज्याच्या गाण्यांची लंडनमध्ये फारशी दखल घेतली जात नव्हती, त्या देशातले चार गायक जगाच्या कानाकोपऱ्यात कसे पोहोचले, हा आजचा विषय आहे.

हे चौघे नवखे मुळीच नव्हते. बेनी अँडरसन ‘हेप स्टार्स’ या स्वीडनमधल्या अतिशय लोकप्रिय बँडमध्ये ऑर्गन वाजवत असत आणि ब्यॉर्न उल्वेउस हे ‘हूटेनॅनी सिंगर्स’ या लोकगीते गाणाऱ्या संचात होते. आग्नेता फेल्टस्कोग यांचे स्वतः रचलेले गाणे १९६८ मध्ये, त्या अवघ्या सतरा वर्षांच्या असताना, स्वीडनच्या विक्रीच्या यादीत पहिले आले होते. आणि नॉर्वेत जन्मलेल्या, आजीने स्वीडनमध्ये वाढवलेल्या आनी-फ्रिद लिंगस्टाड, ज्यांना सगळे फ्रीदा म्हणतात, त्या वयाच्या तेराव्या वर्षापासून नाचगाण्याच्या वाद्यवृंदांबरोबर गात होत्या. ब्यॉर्न आणि आग्नेता हे पतिपत्नी, बेनी आणि फ्रीदा यांचेही सूत जुळलेले, आणि चौघांच्या पाठीशी स्टिग अँडरसन हे खटपटी व्यवस्थापक, असा हा प्रपंच होता. चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘ॲबा’ हे नाव स्टिग यांनीच रूढ केले; मात्र त्याच नावाची, डबाबंद मासे विकणारी एक कंपनी स्वीडनमध्ये आधीपासून होती, तेव्हा तिची रीतसर परवानगी घ्यावी लागली.

१९७३ साली या चौघांनी देशादेशांमध्ये होणाऱ्या युरोव्हिजन या गीतस्पर्धेसाठी स्वीडनच्या प्राथमिक फेरीत ‘रिंग रिंग’ हे गाणे सादर केले आणि तज्ज्ञ परीक्षकांनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर बसवले. तज्ज्ञांचे असे अनेकदा होते, यावर मी अधिक बोलत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा गाणे पाठवले, आणि या वेळी दोन गोष्टींचा विचार करून पाठवले. पहिली गोष्ट अशी, की आपापल्या देशाच्या भाषेतच गाण्याची स्पर्धेची अट १९७३ पासून उठली होती, त्यामुळे स्वीडनच्या गायकांना इंग्रजीत गाता येत होते. दुसरी गोष्ट गाण्याच्या निवडीची. एक शांत, भावुक गाणे त्यांच्याजवळ तयार होते, पण त्यात आग्नेता यांचाच आवाज पुढे होता; दोन्ही स्त्रियांचे आवाज जोडीने पुढे येतील असे गाणे निवडायचे ठरले, आणि ते होते ‘वॉटर्लू’. नेपोलियनने जसा वॉटर्लूवर पराभव पत्करला तशी मी तुझ्यापुढे शरण आले आहे, असे त्यातली नायिका प्रियकराला सांगते. आपल्याकडे पानिपतावर कोणी प्रेमगीत लिहिले असते, तर काय गहजब झाला असता याची कल्पना करून पाहावी. आणि इंदुरात तर पानिपताचा विषय निघाला, की मल्हारराव होळकर रणांगणातून का निघाले या वादात चहा गार होतो, गाणे दूरच राहते.

आता त्या रात्रीकडे येतो. ६ एप्रिल १९७४. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ब्रायटन शहर आणि तिथले ‘डोम’ हे सभागृह. सतरा देशांचे गायक जमलेले होते. खरे तर फ्रान्सही यायचा होता, परंतु राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचे चार दिवसांपूर्वी निधन झाल्यामुळे फ्रान्सने माघार घेतली होती. यजमान ब्रिटनतर्फे ऑलिव्हिया न्यूटन-जॉन गाणार होत्या. गाण्याच्या क्रमात स्वीडन आठवा होता. त्या काळी प्रत्येक देशाचा वाद्यवृंदसंचालक आपल्या गाण्यापुरता मंचावर येऊन वाद्यवृंदाचा ताबा घेत असे. काळा कोट घालून येणे, अदबीने वाकणे आणि छडी उचलणे, असा तो शिरस्ता होता. स्वीडनचे संचालक स्वेन-ओलोफ वॉलडॉफ आले ते साक्षात नेपोलियनच्या वेशात! गाण्याचा एकही सूर लागण्याआधी सभागृहात हशा आणि टाळ्या उसळल्या. श्रोतेहो, मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा मला त्या संचालकांचे कौतुक सर्वांत अधिक वाटते, कारण गाणाऱ्यांना प्रसिद्धी मिळणार होती, त्यांना मात्र तीन मिनिटांसाठी ती टोपी घालायची होती आणि ती त्यांनी पूर्ण गांभीर्याने घातली.

मागोमाग ते चौघे आले. ब्यॉर्न यांच्या गळ्यात चांदणीच्या आकाराची गिटार होती, पायांत चंदेरी, उंच टाचांचे बूट होते, आग्नेता निळ्या साटिनच्या पोशाखात होत्या. आधीच्या बहुतेक गायकांनी संथ, सुरेल, सभ्य गाणी म्हटली होती, आणि हे गाणे पियानोच्या पहिल्या फटक्यापासून धावत सुटले. मग मतमोजणी झाली. प्रत्येक देशाचे दहा परीक्षक आणि प्रत्येकाला एकच मत, अशी ती सरळ पद्धत होती. हल्ली दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत मोबाइलवरून मते मागवतात आणि ज्याच्या गावात मोबाइल जास्त तो जिंकतो. त्यापेक्षा दहा माणसे एका खोलीत बसवलेली मला परवडतात. स्वीडनला चोवीस मते पडली, दुसऱ्या आलेल्या इटलीला अठरा. स्वीडन ही स्पर्धा प्रथमच जिंकत होता. आणि आता लक्ष देऊन ऐका : ब्रिटनच्या दहा परीक्षकांपैकी एकानेही स्वीडनला मत दिले नाही. एकही नाही. शून्य.

निकालानंतर गीतकार-संगीतकारांना मंचावर पाचारण करण्यात आले. स्टिग गेले, बेनी गेले, आणि ब्यॉर्न पायऱ्यांपाशी अडले. तिथल्या रखवालदाराने त्यांना थांबवले, कारण वर फक्त गाणे रचणाऱ्यांनी जायचे होते, आणि असले कपडे घातलेला माणूस गाणे रचत असेल हे त्याच्या मनाला पटेना. म्हणजे ज्या पोशाखाने सगळ्या युरोपचे लक्ष वेधून घेतले, त्याच पोशाखाने ब्यॉर्न यांना स्वतःच्या सत्काराला मुकवले. रखवालदाराला मी दोष देत नाही. आपल्याकडेही मंचाच्या पायऱ्यांशी उभा असलेला माणूस चेहरा पाहत नाही, कपडे आणि बिल्ला पाहतो.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण ती रेडिओची आहे. पोर्तुगालचे गायक पावलो द कार्वाल्यू यांना फक्त तीन मते मिळाली आणि ते शेवटच्या स्थानावर राहिले. पण त्यांचे तेच गाणे २४ एप्रिलच्या रात्री लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने वाजवले, तो बंडखोर सैनिकांसाठी ठरलेला इशारा होता, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगालची जुनी हुकूमशाही कोसळली. शेवटच्या क्रमांकाचे गाणे राजवट उलथवण्याच्या कामी आले. हे भाग्य पहिल्या क्रमांकाच्या गाण्याला लाभले नाही. असो, आपण ॲबाकडे वळू.

ब्रिटिश परीक्षकांनी शून्य मते दिलेले ते गाणे महिन्याभरात ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिले आले आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात, आणि इथेच ते चुकतात. ब्रायटनला या चौघांना बक्षीस मिळाले, कीर्ती मिळाली नाही. पुन्हा सांगतो, बक्षीस मिळाले, कीर्ती मिळाली नाही. स्पर्धेत जिंकलेला गायक एका गाण्यापुरता, अशी ब्रिटनमध्ये समजूत होती आणि ती खरी ठरण्याची सगळी लक्षणे दिसत होती. ‘रिंग रिंग’ पुन्हा बाजारात आणले ते बत्तिसाव्या क्रमांकावर अडकले, त्यानंतरचे एक गाणे यादीतच आले नाही, आणि १९७५ मधले आणखी एक अडतिसाव्या क्रमांकावर थांबले.

दार उघडले ते ऑस्ट्रेलियाच्या बाजूने. प्रत्येक देशात जाऊन गाणे सादर करण्याचा खर्च आणि दगदग वाचावी म्हणून या संचाने गाण्यांच्या छोट्या चित्रफिती तयार करून घेतल्या होत्या. त्या लासे हालस्ट्रॉम यांनी दिग्दर्शित केल्या, जे पुढे मोठे चित्रपट-दिग्दर्शक झाले. ऑस्ट्रेलियात मार्च १९७५ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि तिथल्या ‘काउंटडाउन’ या कार्यक्रमाने ‘मामा मिया’ची फीत दाखवली. ते गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढण्याचा मूळ बेतही नव्हता. लोकांनी मागणी करून ते काढायला लावले आणि दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवले. पुढे ‘फर्नांडो’ हे गाणे तिथे चौदा आठवडे पहिले होते. दरम्यान ‘एसओएस’ या गाण्याने ब्रिटनमध्ये सहावा क्रमांक गाठला आणि जानेवारी १९७६ मध्ये ‘मामा मिया’ तिथेही पहिले आले. म्हणजे स्टॉकहोमहून लंडनला जाण्याचा त्यांचा खरा रस्ता सिडनीवरून गेला.

गाण्यांच्या घडणीबद्दल आता थोडक्यात सांगतो, कारण वेळ बराच सरला आहे. ज्या लताबाईंचा जन्म १९२९ साली आपल्या याच शहरात झाला, त्यांच्या उमेदीच्या काळात गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात गाणे मुद्रित करत असत. कोणी चुकले की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ॲबाची रीत निराळी होती. त्यांचे ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटो यांनी अमेरिकन निर्माते फिल स्पेक्टर यांच्या पद्धतीविषयी वाचले होते. स्पेक्टर भारदस्त नादासाठी दालनभर वादक बसवत; तेवढा खर्च स्टॉकहोममध्ये परवडणारा नव्हता. म्हणून ट्रेटो यांनी मोजक्या वादकांकडून तोच भाग दोनदा वाजवून घेतला आणि दुसऱ्या वेळी फितीचा वेग किंचित बदलला. दोन्ही भाग एकमेकांवर चढवले, की सुरांत केसाएवढा फरक पडतो आणि नाद रुंदावतो. आग्नेता आणि फ्रीदा यांचे आवाजही असेच थरावर थर चढवून मुद्रित होत. भरणा करायचा तो मुद्रणात, अशी ही युक्ती होती, आणि स्वस्तातल्या रेडिओवरसुद्धा तो भरणा ऐकू येतो. आमच्या व्यवसायातल्या माणसाला याहून मोठी शिफारस लागत नाही.

१८ जून १९७६ च्या संध्याकाळी, स्वीडनचे राजे कार्ल गुस्ताव यांच्या विवाहाच्या आदल्या दिवशी, त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात हे चौघे जुन्या दरबारी थाटाचे पोशाख करून उभे राहिले आणि त्यांनी ‘डान्सिंग क्वीन’ सादर केले. एप्रिल १९७७ मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिले आले. तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेले ॲबाचे ते एकमेव गाणे आहे. ब्रायटनच्या रात्रीपासून इथवर पोहोचायला तीन वर्षे लागली होती. दोन्ही जोडप्यांची ताटातूट आणि १९८२ च्या अखेरीस थांबलेले गाणे यांची हकिगत पुढच्या भाषणासाठी राखून ठेवतो. नमस्कार.