पोलिसी खाक्या आणि आपण

नमस्कार. "पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली." पेपरात हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय, की कोठडीत नेमकं काय केलं हे कोणी विचारतही नाही. आज तेच विचारायचंय.

1855 चा मद्रास प्रांतातला एक सरकारी अहवाल आहे. त्यात 'किट्टी' नावाचं साधन येतं: दोन काठ्या, मध्ये माणसाची बोटं, आणि वरून दाब. कोणावर वापरायचे? संशयित चोरांवर तर होतंच, पण शेतसारा थकलेल्या रयतेवरही.

मग 1860 ची दंडसंहिता आली. कलम 330: कबुलीसाठी किंवा वसुलीसाठी इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. एकात पोलीस अधिकारी कबुलीसाठी छळ करतो, दुसऱ्यात महसूल अधिकारी थकबाकीसाठी. गुन्हा दोघांचाही सारखाच. नव्या न्याय संहितेतही ही शिक्षा कायम आहे.

आता सांगा, आज एखाद्या तलाठ्याने साऱ्यासाठी शेतकऱ्याची बोटं चेचली तर? अख्खं गाव पेटून उठेल. आणि पोलिसाने कबुलीसाठी तेच केलं, तर आपण म्हणतो, "बरं झालं, अशांना असंच पाहिजे." एकाच कलमातला एक गुन्हा आपल्याला असह्य झाला, दुसरा नाही. मला कारण सरळ दिसतं. थकबाकीची नोटीस आपल्याही दारात येऊ शकते. कोठडीत मात्र कायम दुसऱ्याचाच मुलगा असणार, असं आपण धरून चालतो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालणार नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यातच होतं. ती कशी मिळवतात हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. 1999 मध्ये महाराष्ट्राने मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणला आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. म्हणजे आपण मागे गेलो.

2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुल्या होत्या. 2015 मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने छळ झाल्याचं मान्य केलं, त्या कबुल्या फेटाळल्या आणि सगळ्यांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

"दोन लावल्या की खरं बाहेर येतं" असं कोणी म्हणालं की मला राग येतो तो यामुळे. त्या स्फोटांत 180 हून जास्त माणसं गेली. ते कोणी घडवले, याचं कोर्टात टिकणारं उत्तर त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनीही मिळालेलं नव्हतं.