सोपा गेला, सोफा आला

मंडळी, पत्रिकेत 'बदलत्या घरासाठी मॉड्युलर सोफा', म्हणजे सुट्या तुकड्यांचा, हवा तसा जोडायचा-सोडवायचा सोफा, असं छापलंय. पण बेळगावात सोफ्यावर बोलायचं तर आधी सोप्याची हजेरी घ्यायला हवी. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत वाढलेल्यांना तो सांगायला नको. फ्लॅटमधल्या पोरांसाठी सांगतो: दारातून आत आलं की पहिला लागतो तो सोपा. सकाळी तिथं वडिलांचा पेपर, दुपारी वाती वळणाऱ्या बायका, रात्री गोव्याहून आलेल्या पाहुण्यांची अंथरुणं. सामान काय, तर एक जाजम, दोन गाद्या, चार लोड. माणसं आली, पसरा, गेली, गुंडाळा. गंमत बघा, सोफा हा शब्द अरबी 'सुफ्फा'वरून आलाय आणि सुफ्फा म्हणजे बसायचा उंच ओटा. म्हणजे जग हिंडून परत कट्ट्यावरच आलो की आपण!

आता आमची कर्मकथा. लग्नानंतर हौसेनं तिघांचा अखंड सोफा घेतला. दुकानदार म्हणाला, 'सर, कुठंबी बसतोय.' आमचा बोळ असा, की समोरून सायकल आली तर एकानं मागं सरायचं. बोळातून आला, जिन्याच्या वळणावर अडकला. वर मी, खाली हमाल, मधे सोफा. आई माडीवर कोंडली गेली; ती वरूनच विचारते, 'अरे, गाद्या काय वाईट होत्या?' शेवटी गॅलरीचा कठडा काढून दोरानं ओढला. समोरच्या अज्जी कानडीत ओरडतायत, 'बंतु, बंतु!' म्हणजे आला, आला! अख्खा बोळ टाळ्या वाजवतोय. सीमाप्रश्नावर एकमत व्हायचं तेव्हा होईल, त्या दिवशी सोफ्यावर झालं. (हशा)

पण खरी परीक्षा चतुर्थीला. मखर कुठं मांडायचं? सोफा गॅलरीत, वर ताडपत्री आणि आपला बेळगावचा पाऊस. तिसऱ्या वर्षी त्याला अशी बुरशी धरली की पाहुणे आपणहून जमिनीवर बसायला लागले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

तर इटलीचे डिझायनर मारिओ बेलिनी यांनी १९७० साली 'कामालेओंदा' सोफा केला. सरडा आणि लाट, या दोन इटालियन शब्दांचं ते नाव. आसन साधारण ९० सेंटिमीटर चौरस. पाठ आणि हात सुटे, आकड्या-कड्यांनी अडकवायचे. २०२० साली तो पुन्हा बाजारात आणला गेला. त्याची किंमत मी सांगत नाही, तुम्ही विचारू नका. त्यातलं तत्त्व घ्या: माणसं वाढली, जोडा; गणपती आला, सोडवा. हे लोडांना आधीच कळलेलं होतं.

असा सोफा घेताना आधी दार आणि जिन्याचं वळण मोजा, मग खोली. सगळ्या तुकड्यांची उंची एकच हवी, नाहीतर जोडून केलेल्या पलंगावर झोपणाऱ्याची कंबर जाते. खालचा जोड हलवून बघा. शहाबादी फरशीवर तुकडे घसरतात आणि माणूस मधल्या फटीत उतरतो. खोळी चेनच्या, काढून धुता येणाऱ्या घ्या. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. हात नसलेले तुकडे जास्त घ्या, ते कुठंही खपतात. पाय लांब करून बसायचा तुकडा डावा की उजवा, यावर घरात भांडू नका. सुटा चौरंगासारखा तुकडा घ्या, तो दोन्हीकडं चालतो.

अध्यक्ष उठलेच. त्यांच्या घरी अखंड सोफा आहे, मी पाहिलाय.