गच्चीवरच्या मातीचं वजन

शहराचं अन्न शहरातच पिकेल का, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण आधी वजनाबद्दल बोलू द्या, कारण हिरव्या इमारतींच्या गप्पांमध्ये तेच राहून जातं.

एक चौरस मीटर गच्ची घ्या. तिच्यावर फूटभर माती पसरा आणि पाऊस पडू द्या. भिजलेली ती माती 500 किलोच्या आसपास भरते. साध्या राहत्या इमारतीची गच्ची दर चौरस मीटरला माणसांचा-सामानाचा, म्हणजे वापराचा, साधारण 150 ते 200 किलोंचा भार धरून बांधलेली असते. तुमच्यापैकी कितीजणांच्या गच्चीवर विटांचे वाफे आहेत? अरे वा, बरेच हात! आज रात्रीच उपसायला घेऊ नका. पण इंजिनिअरला बोलावून दाखवा जरूर.

मला एकदा एका गृहप्रकल्पाचं चित्र दाखवलं होतं. बाल्कनीबाल्कनीत झाड. मी आराखडा मागितला. स्लॅब नेहमीचाच, कुंड जेमतेम दीड फूट खोल, पाणी जायला एकच बारीक पाइप. मुळं जाणार कुठे, असं विचारलं, तर उत्तर आलं, "ते लँडस्केपवाले बघतील." अहो, ते येतात स्लॅब पडल्यानंतर! मग मुळं वॉटरप्रूफिंगमध्ये शिरतात, खालच्या घराचं छत गळतं, रहिवाशांची सभा भरते आणि झाडं काढायचा ठराव होतो. शिक्षा झाडाला. याचा मला आजही संताप येतो.

मिलानमध्ये वास्तुकार स्तेफानो बोएरी यांच्या 'बोस्को व्हर्टिकाले'चे, म्हणजे 'उभ्या जंगला'चे, दोन राहते मनोरे 2014 मध्ये पूर्ण झाले. त्यावर 800च्या आसपास झाडं आहेत. वाऱ्यात ती टिकतील का, हे आधी विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडायच्या बोगद्यात, तपासलं होतं. छाटणीला माळी दोरावरून उतरतात. ती घरं महागडी आहेत, हे खरंच. पण झाडाचा हिशोब तिथे पायापासून केलेला आहे.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आला. तर मूळ प्रश्न. धान्य शहरात पिकणार नाही, तेवढी जागाच नाही. भाजी मात्र पिकते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबात इंधन आणि खतांचा दुष्काळ पडला, तेव्हा हवानाच्या मोकळ्या जागांत वाफे उभे राहिले. बंद खोलीत दिव्यांखालची शेती विजेच्या बिलात अडकते. अशीच शेती करणाऱ्या अमेरिकेतल्या एरोफार्म्स कंपनीने 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ऊन फुकट मिळतं ते गच्चीवर. टोरंटोने 2009 मध्ये मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छत सक्तीचं केलं. असा नियम सगळीकडे हवा, आणि मंजुरीच्या नकाशातच ओल्या मातीचा भार, मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा उतार आणि गच्चीवर नळ दाखवायला लावा.

जुन्या इमारतींचं काय, असं पहिल्या रांगेतून विचारताहेत. भार तपासून घेतल्यावर तिथे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, सहा इंचांपर्यंत. पालेभाज्या आणि मुळा छान येतात. आंब्याचा हट्ट मात्र जमिनीवरच करा.