साहेब गेले, फी येत राहिली

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा जड आहे आणि कुणाच्या घरी नुकतंच काही झालं असेल तर आधीच माफी मागतो, पण हा प्रश्न मला लग्नात विचारतात, बाजारात विचारतात, आणि दहाव्याच्या घाटावर तर हमखास विचारतात. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने पैसे येतच राहतात. भाडं येतं, एफडीचं व्याज येतं, कुणाची जुनी उधारी येते. ते उत्पन्न कुणाचं आणि टॅक्सच्या रिटर्नमध्ये कुणाच्या नावावर दाखवायचं?

उत्तर एका ओळीत सांगतो. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांचं, त्यानंतरचं मागे राहिलेल्यांचं. परत ऐका, तारखेपर्यंतचं त्यांचं, त्यानंतरचं वारसांचं. बाकी सगळं याच्यावरच उभं आहे.

आता एक किस्सा सांगतो, माझा लाडका आहे, आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना पाठ झालाय. आमच्या भागात एका तालुक्याच्या गावी एक वकील होते, नाव घेत नाही, सगळे साहेबच म्हणायचे. जमिनीच्या केसेस, कालव्यात गेलेल्या जमिनींचा वाढीव मोबदला, असली कामं. फीची पद्धत अशी की ठरलेल्या रकमेतली निम्मी आधी आणि निम्मी तुझ्या सवडीने दे. शेतकऱ्याची सवड म्हणजे काय, उसाचं बिल! ते कारखाना देईल तेव्हा. त्यामुळे साहेबांची निम्मी कमाई कायम लोकांच्या शेतात उभी असायची.

साहेब दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात गेले, अचानक. तेरावा झाला, मुलगा पुण्याला परत गेला, मुलगी सासरी गेली, घरात वहिनी एकट्या. आणि जानेवारीपासून माणसं यायला लागली. पहिला आला तो उंबऱ्यातच बसला, आत येईना. म्हणाला, "वहिनीसाहेब, साहेबांचं देनं हाय, बिल आलं कालच." रुमालात बांधलेले वीस हजार ठेवले आणि चहा न घेता गेला. मग दुसरा, मग तिसरा. कुणाकडे कागद नाही, पावती नाही, साहेबांच्या डायरीत काही नावं होती आणि काही नव्हतीच. डायरीत नाव नसलेलेसुद्धा पैसे देऊन गेले, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण खेड्यातली माणसं बुडवतात असं म्हणणारे शहरात बरेच भेटतात.

वहिनींनी काय केलं तर शंभर पानी वही आणली आणि तारीख, नाव, गाव, रक्कम असं लिहायला सुरुवात केली. आणि एका दुपारी ती वही घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, हे ह्यांचे पैसे आहेत, माझे नाहीत. ह्यांच्याच नावावर भरा. कष्ट ह्यांनी केले, मी काय कोर्टात उभी राहिले होते का?" म्हटलं वहिनी, तसं नाही करता येत, साहेबांचं खातं नोव्हेंबरच्या त्या तारखेला संपलं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मेलेल्या माणसाची कमाई बायकोची? मग जिवंत असताना का नव्हती?" आता याच्यावर मी काय बोलणार.

मुलगा फोनवर. त्याचं वेगळंच. "काका, सगळं कॅश आहे, कोण बघतंय, कशाला दाखवायचं." मुलगी म्हणे तिघांत वाटून दाखवू. तीन माणसं, तीन मतं, आणि वही माझ्या टेबलावर.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे हो. वकील, डॉक्टर, सीए असा व्यवसाय करणारा माणूस गेला, व्यवसाय बंद पडला, आणि त्यानंतर फी आली, तर ज्याच्या हातात आली त्याचं ते उत्पन्न, आणि ज्या वर्षात आली त्या वर्षाचं. 1961 च्या कायद्यात हे कलम 176 च्या चौथ्या पोटकलमात आहे. ज्याच्या हातात, आणि ज्या वर्षात. दोन्ही लक्षात ठेवा. साहेब पैसे हातात आल्यावरच हिशेबात धरायचे, त्यामुळे ही फी आधी कुठेही दाखवलेली नव्हती. बिल फाडलं तेव्हाच त्यांनी उत्पन्न धरलं असतं तर पुन्हा टॅक्सचा प्रश्न नव्हता.

तर मार्चअखेरपर्यंत आले एक लाख ऐंशी हजार, ते वहिनींच्या त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये. मे महिन्यात आणखी पासष्ट हजार आले, ते पुढच्या वर्षात. आणि मधे एकाने पैशांऐवजी गुळाची अख्खी ढेप आणून ठेवली. वहिनींनी ती पण वहीत लिहिली! "गूळ, एक ढेप, वजन केलं नाही." आणि मला विचारतात, "भाऊजी, ह्याच्यावर टॅक्स किती?" मी म्हटलं आधी थोडा चाखायला द्या मग सांगतो. काय गूळ होता मंडळी, काळपट, खारट-गोड, घशाला लागणारा. आता तो पिवळाधमक गूळ मिळतो ना दुकानात, तो मला गूळच वाटत नाही, रंग काढायला पावडरी टाकतात आणि आपण रंग बघून घेतो, गुळाचा रंग गोरा असावा हा हट्ट कुणी सुरू केला देव जाणे. असो, विषय टॅक्सचा आहे.

शेवटी झालं काय? महिनाभर घरात फोनाफोनी, रुसवे, आणि हिशेब मांडला तर वहिनींचा टॅक्स शून्य. फी आणि त्यांचं स्वतःचं थोडं व्याज मिळूनसुद्धा करमुक्त मर्यादेच्या आत. उलट बँकेने त्यांच्या एफडीच्या व्याजावर आधीच कापून घेतलेला टॅक्स, म्हणजे टीडीएस, परत मिळाला. आणि पुढे बँकेने विचारलं की एवढी रोख कुठून भरली, तर वहिनींनी ती वही काढून मॅनेजरपुढे ठेवली, त्याने गुळाची नोंद वाचली आणि हसून वही परत दिली. मुलगा त्यानंतर गप्प आहे.

बरं, वेळ बराच गेला, बाकीचं भराभर सांगतो.

साहेबांचं स्वतःचं शेवटचं रिटर्न, म्हणजे 1 एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं, तेही भरावं लागतं आणि ते त्यांच्याच पॅनवर. भरणार वारस. वारसाने ई-फायलिंग पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने जायचं आणि प्रतिनिधी म्हणून, मयताचा कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायची. सोबत मृत्यू दाखला, मयताचं पॅन, आणि वारस असल्याचा एक पुरावा. कोर्टाचा किंवा महसूल खात्याचा वारस दाखला, नोंदणी केलेलं मृत्युपत्र, फॅमिली पेन्शनचा कागद, किंवा बँकेने दिलेलं नॉमिनी वा जॉइंट खातेदाराचं पत्र, यातलं एक चालतं. मंजुरी आली की रिटर्न भरता येतं. माणूस सात महिनेच होता म्हणून करमुक्त मर्यादा सात महिन्यांची होत नाही, पूर्ण वर्षाची मिळते. आणि त्यांचा टॅक्स बाकी निघाला तर तो त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतूनच, तेवढ्यापुरताच. त्यासाठी मुलाने स्वतःचा फ्लॅट विकायचा नसतो. ही भीती पुष्कळांच्या मनात असते म्हणून दोनदा सांगतो, वारसाची जबाबदारी वारशाएवढीच.

मृत्यूनंतरचं भाडं, व्याज, डिव्हिडंड, हे ज्या वारसाचा जेवढा हिस्सा तेवढं त्याच्या रिटर्नमध्ये. मृत्युपत्र असेल आणि त्यात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, नेमला असेल, तर वाटप होईपर्यंत ते उत्पन्न एक्झिक्युटर वेगळ्या रिटर्नमध्ये दाखवतो, स्वतःच्यात मिसळत नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे बरं का! कालनिर्णयवाल्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबातली केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने सांगितलं की शेअर्स आणि म्युच्युअल फंडातही नॉमिनी हा मालक होत नाही, हक्क वारसांचा. लोक नॉमिनीचा फॉर्म भरतात आणि मृत्युपत्र करायचं टाळतात, अपशकुन म्हणे. भिंतीवर पंचांग बघून घराचा पाया खणता, मग मृत्युपत्रालाही एक मुहूर्त काढा की.

फॅमिली पेन्शन घेणाऱ्या ताई-मावशींनी ऐका. ती तुमच्याच नावाचं उत्पन्न, पगार या सदरात नाही तर इतर उत्पन्नात. पेन्शनचा एक तृतीयांश किंवा टॅक्सच्या नव्या पद्धतीत 25 हजार, जुन्या पद्धतीत 15 हजार, यातलं जे कमी ते वजा होतं. विम्याचा मृत्यूनंतरचा क्लेम टॅक्समध्ये येत नाही. वारसाने मिळालेलं घर, सोनं, ठेवी, त्यावरही टॅक्स नाही, आपल्याकडे इस्टेट ड्युटी, म्हणजे वारशावरचा कर, होती ती 1985 मध्येच गेली. पण त्या घराचं भाडं, त्या ठेवीचं व्याज, ते तुमचं उत्पन्न.

बँकेत लवकर कळवा. नाहीतर व्याजावरचा टीडीएस गेलेल्या माणसाच्या पॅनवर कापला जातो, उत्पन्न तुमचं आणि कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट त्यांच्या नावावर, मग ते वळवून घेण्यासाठी बँकेला लेखी द्या, रिटर्नमध्ये वेगळं दाखवा, ही सगळी डोकेदुखी. आणि त्यांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढत बसू नका, पिन माहीत आहे म्हणून हक्क येत नाही.

1 एप्रिल 2026 पासून जुन्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे, त्यामुळे मी सांगितलेला 176 तिथे शोधू नका.

एक राहिलंच, पॅन. पॅन परत करायची घाई करू नका. शेवटचं रिटर्न भरलं, रिफंड असेल तर तो जमा झाला, शेअर्स आणि खाती नावावर झाली, की मग मृत्यू दाखल्याची प्रत जोडून आयकर अधिकाऱ्याला अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. चला, बातम्यांची वेळ झाली, मला हात दाखवतायत. नमस्कार.