केळं, डीएनए आणि दुसरी नळी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘शालेय प्रयोग आणि आजचं संशोधन’. संशोधनावर येतोच, पण आधी केळ्यावर. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या पोरांना डीएनए फक्त फळ्यावर दाखवायचा, ही कुठली रीत?

सालीवर ठिपके आलेलं अर्धं केळं घ्या. कच्चं नको, त्यात स्टार्च फार आणि ते कुस्करतही नाही. (गट केले की निम्मी केळी प्रयोगाआधीच संपतात; जास्तीची आणा.) जाड पिशवीत हातानेच कुस्करा. ग्लासात 100 मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे भांड्यांचं लिक्विड. सावकाश ढवळा, फेस झाला की पुढे काही दिसत नाही. साबणाने पेशीचं स्निग्ध आवरण फुटतं, मिठाने डीएनएचे धागे एकत्र यायला मदत होते. यात गर कालवून दहा मिनिटं ठेवा, मग गाळणीवर सुती कापड टाकून गाळा. घाई करून पिळू नका, गर खाली उतरतो.

परीक्षानळीत तीन बोटं रस, त्यावर तेवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्वद टक्क्यांच्या वरचं. नळी तिरकी धरून कडेने सोडा. दोन थर वेगळे राहिले पाहिजेत. इथेच घोडं अडतं. एप्रिलमधल्या आपल्या उन्हात बाटली कोमट झालेली असते. ती रात्रभर फ्रीजरमध्ये हवी. वीज गेली, तर बर्फात मूठभर मीठ टाकून त्यात बुडवा. आणि जेलवालं सॅनिटायझर चुकूनही नको. मिठाने जेलच फाटतं, अन् पोरं त्यालाच डीएनए म्हणून टाळ्या वाजवतात!

माझी खरी तक्रार पुढेच आहे. पांढरे धागे आले की आपण फोटो काढतो आणि प्रयोग संपला. अहो, दुसरी नळी कुठंय? तेच केळं, तेच मीठ, फक्त साबण नाही. तिच्यातही ढगाळ, जेलीसारखं काहीतरी येतंच, कारण केळ्यातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, तोही अल्कोहोलमध्ये साकळतो. म्हणजे पहिल्या नळीतलं सगळंच डीएनए नाही. हे मुलांनी स्वतः ओळखलं, तरच तो प्रयोग. नाहीतर जादूचा खेळ.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर संशोधन, पटापट. रानकेळ्याचा जनुकसंच 2012 मध्ये वाचला गेला, 11 गुणसूत्रांचा. आपल्या बागांतल्या ग्रँड नैनमध्ये, म्हणजे कॅव्हेंडिश गटातल्या वाणात, त्याचे तीन संच, म्हणजे 33. म्हणून बी धरत नाही. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत एकाच झाडाच्या तुकड्यांपासून वाढवलेली, रोपं एकसारखी, त्यामुळे रोग एकाला लागला की सगळ्या बागेला धोका. मातीतल्या बुरशीने होणाऱ्या मर रोगाच्या टीआर4 प्रकाराविरुद्ध ऑस्ट्रेलियात रानकेळ्यातलं आरजीए2 हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. त्या क्यूकॅव्ह-4 वाणाला तिथे 2024 मध्ये मंजुरी मिळाली. असा वाण आपल्याकडे लावावा का, यावर नववीच्या वर्गात वाद घडवा. बापाची बाग असलेली पोरं गप्प बसणार नाहीत.

आणि हो, अल्कोहोल लगेच पेट घेतं. त्या तासाला स्पिरिटचा दिवा कपाटातच राहू द्या.